गाडी थांबवायची, की गॅरेजपर्यंत न्यायची?

चालत्या गाडीत दिवा लागतो, नाहीतर कुठून तरी नवाच आवाज येऊ लागतो, तेव्हा मनात पहिला प्रश्न येतो, "काय बिघडलं?" त्याचं उत्तर त्या क्षणी मिळणार नसतं आणि तशी गरजही नसते. ठरवायचं असतं ते एवढंच: आत्ता इथेच थांबायचं, सावकाश गॅरेज गाठायचं, की या आठवड्यात सवडीने दाखवायचं. बिघाड शोधणं मेकॅनिकचं काम आहे. हा निर्णय मात्र स्टिअरिंगवर बसलेल्यालाच घ्यावा लागतो.

मी हे कळकळीने लिहितो आहे, कारण हाच निर्णय मी एकदा चुकवला. काही वर्षांपूर्वी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसत असताना "दहाच मिनिटांचा रस्ता राहिलाय" म्हणून मी गाडी तशीच घरी आणली. एका नळीतून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत होतं. थांबलो असतो तर नळी आणि तिची पट्टी बदलून भागलं असतं. त्या दहा मिनिटांत सिलिंडर हेड वाकलं, गॅस्केट गेलं आणि सगळं इंजिन उघडावं लागलं. म्हणून पुढे जे लिहिलं आहे ते गाडी दुरुस्त करण्याबद्दल कमी आणि वेळेवर थांबण्याबद्दल जास्त आहे.

आधी रंग बघा, मग चित्र

डॅशबोर्डवरच्या चित्रांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे कंपनी बदलली तरी तेलाची झारी, बॅटरीचा डबा, द्रवात बुडालेला थर्मामीटर ही चित्रं साधारण तशीच दिसतात. रंगाचा अर्थही ठरलेला असतो. लाल म्हणजे धोका, गाडी सुरक्षित जागी थांबवा. पिवळा म्हणजे लक्ष द्या, लवकर दाखवा. हिरवा आणि निळा फक्त माहिती देतात: इंडिकेटर चालू आहे, हेडलाइट अप्परवर आहे, इंजिन अजून थंड आहे.

एक सवय आजच लावून घ्या. चावी 'ऑन'वर फिरवली की बहुतेक दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत, किंवा इंजिन सुरू झाल्यावर, विझतात. गाडी स्वतःचेच दिवे तपासत असते. त्या वेळी कोणकोणते दिवे लागतात ते पाहून ठेवा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागलाच नाही तर तेही बिघाडाचंच लक्षण असतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लाल दिवे चार लक्षात ठेवले तरी पुरेत.

तेलाची झारी सगळ्यात घातक. पुष्कळांना वाटतं की हा दिवा "ऑइल कमी झालंय, भरा" एवढंच सांगतो. तो तेलाची पातळी सांगत नाही, तेलाचा दाब पडल्याचं सांगतो. इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो. दाब गेला की तो थर मोडतो आणि धातू धातूवर घासू लागतो. मिनिटभरातही इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून गाडी कडेला घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. पाच-दहा मिनिटांनी, गाडी समतल जागी असताना, डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून पाहा. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल भरून इंजिन सुरू करा. काही सेकंदांत दिवा विझला तर गाडी सावकाश गॅरेजला न्या. नाही विझला, किंवा पातळी मुळात ठीक असूनही दिवा लागला असेल, तर गाडी ओढूनच न्या. सेन्सर खराब असेल असंही कुणी सांगेल. असेलही. पण ते रस्त्यावर कळायला मार्ग नाही, आणि अंदाज चुकला तर इंजिन जातं.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पाहा. निम्म्या वेळा तो एखादा दात वर राहिलेला असतो. पूर्ण खाली असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. सुरक्षित जागी थांबून पेडल दाबा. पाय मऊपणे खोल जात असेल, किंवा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी जागची हलवू नका. पेडल नेहमीसारखं कडक असेल तर मोठं अंतर राखून, अगदी कमी वेगाने, जवळचं गॅरेज गाठा. नुसतं ब्रेक ऑइल ओतून विसरून जाऊ नका. ते इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. एकतर पॅड झिजल्यामुळे पातळी उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. ब्रेकचा लाल आणि एबीएसचा (जोरात ब्रेक लावताना चाकं लॉक होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा असे दोन्ही दिवे एकदम लागले तर मागची चाकं आधी लॉक होण्याची भीती असते, तेव्हा थांबलेलंच बरं. एकटा एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, चार्जिंगचा असतो. अल्टरनेटर वीज बनवत नाही आणि गाडी साठ्यावर चालली आहे. एसी, गाणी, मागच्या काचेचा हीटर बंद करा आणि वाटेत इंजिन बंद न करता थेट गॅरेजला जा. सोबत स्टिअरिंग जड झालं किंवा तापमान चढू लागलं तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटलेला असतो. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून तिथे लगेच थांबा.

चौथा लाल दिवा तापमानाचा. त्याबद्दल थोडं सविस्तर.

गाडी गरम झाली तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला, पण अजून लाल पट्ट्यात गेला नाही, अशा वेळी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात लावा. उकाड्यात हे असह्य वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनची उष्णता आत ओढतो. खिडक्या उघडा आणि थांबायला जागा शोधा. इथे एक खूण फार कामाची आहे. काटा वर असूनही हीटरमधून थंड हवा येत असेल तर कूलंट तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणजे ते संपलंय किंवा फिरत नाही. मग पुढच्या वळणापर्यंतही जाऊ नका. कूलंट पूर्ण संपलं असेल तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खोटंच कमी तापमान दाखवू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

काटा लालमध्ये गेला किंवा बोनेटखालून वाफ दिसली की थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ येत असताना बोनेट उघडू नका. वाफ थांबल्यावर उघडा, पण हात आत घालू नका, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. निदान अर्धा तास जाऊ द्या.

आणि झाकण. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण कधीही, कुणीही सांगितलं तरी, उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो, त्याच क्षणी कूलंटची वाफ होते आणि ते तोंडावर, हातांवर उसळतं. घाई कितीही असो, ही जोखीम घेण्यासारखी नाही. बहुतेक गाड्यांत कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते, पातळी बाहेरूनच दिसते. वरची जाड नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. मग जाड कापड धरून झाकण पाव वळसा फिरवा, सुस्कारा संपेपर्यंत वाट पाहा आणि मगच काढा. भरायचं ते थोडं थोडं भरा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. गॅरेजपर्यंत जायला साधं पाणी चालेल, पण नंतर ते काढून योग्य प्रमाणातलं कूलंट भरून घ्या. वर ओतलेलं खालून वाहून जात असेल तर गाडी ओढून न्या.

पातळी ठीक असूनही गाडी तापली असेल तर कधी तापते ते आठवा. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवळते, तर संशय पंख्यावर. उलट, वेगात तापते आणि हळू चालवताना ठीक राहते, तर रेडिएटर तुंबलेला असणं, थर्मोस्टॅट किंवा पंप. एवढं सांगता आलं तरी मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा आणि उरलेला कॅन मुलांच्या, मुक्या जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

पिवळा इंजिनचा दिवा

या दिव्याची लोक सगळ्यात जास्त धास्ती घेतात, नाहीतर महिनोन्‌महिने त्याकडे दुर्लक्ष करतात. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर त्याच क्षणी थांबायची गरज नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलं आहे ना ते पाहा. काही गाड्यांत तेवढ्यानेही दिवा लागतो आणि झाकण लावल्यावर काही फेऱ्यांनी विझतो. नाही विझला तर त्या आठवड्यात दाखवा.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही, मिसफायर होतोय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या आणि मदत बोलवा.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात ती सोय अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीची झाली आणि नंतर जगभर पसरली. स्कॅनरवर उमटणारा कोड बिघडलेला भाग सांगत नाही, कोणत्या यंत्रणेत गडबड आहे ते सांगतो. 'पी०३००' म्हणजे मिसफायर. तो प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे, कशानेही होऊ शकतो. त्यामुळे कोड पाहून लगेच कुणी भाग बदलू लागला तर "हाच भाग खराब आहे हे कसं तपासलंत?" असं न संकोचता विचारा.

गाडी सुरूच होत नाही

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं ते नीट ऐका. भराभर टकटकटक आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी उतरली. एकच जाड 'टक' आणि दिवे लख्ख, तर स्टार्टर. स्टार्टर जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन किंवा स्पार्क. टकटकीच्या वेळी बॅटरीची टोकं हलवून पाहा. पांढरी-हिरवट पूड साचून किंवा नट सैल होऊनही हे होतं.

दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायची असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात, दोन्ही गाड्या बंद हव्यात आणि त्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गोठलेली असेल तर हात लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर मॅन्युअल वाचल्याशिवाय जोडू नका.

१. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला.
३. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला.
४. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटचं टोक बॅटरीला लावत नाहीत याला कारण आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. चांगली गाडी सुरू करून काही मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडी सुरू करून पाहा. झाली की केबल उलट्या क्रमाने काढा.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी बरी झाली असं नाही. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.७ ते १४.७ दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, आणि तिला थंडीपेक्षा उष्णता जास्त खाते. थंडीत फक्त ते उघडं पडतं.

टायर

गाडी आणि रस्ता यांची गाठ चार तळहातांएवढ्या जागेत पडते. तरी सगळ्यात कमी पाहिलं जातं ते टायरकडेच.

हवा किती भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. तिथला आकडा कमाल मर्यादेचा असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर मिळतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो. हवा टायर थंड असताना तपासा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून त्यातली हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते. बाहेरचं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने घसरलं की सुमारे १ पीएसआय दाब उतरतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या सकाळी टायरचा पिवळा दिवा लागणं यात नवल नाही. हा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर दोष हवेत नसून सेन्सरमध्ये असतो.

झीज कुठे आहे त्यावरूनही कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलेली. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. खरं तर ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी होते; मी स्वतः ३ मिलिमीटरला बदलतो. वय 'डॉट' या अक्षरांपुढच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. स्टेपनीचं वयही पाहा, न वापरताही रबर जुनं होतं.

रस्त्यात पंक्चर झालं तर मोह एकच असतो, उतरून लगेच जॅक लावायचा. तसं करू नका. आधी सपाट, कठीण जमीन आणि रहदारीपासून लांबची जागा गाठा; त्यासाठी पंक्चर टायरवर थोडं सरकावं लागलं तरी चालेल. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'), आणि तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा वळसा सैल करा. उचलल्यावर जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाऊ देऊ नका, खाली पडलेला नट उचलायलाही नाही. स्टेपनी बसवून नट हाताने आवळा, गाडी खाली उतरवा आणि मग समोरासमोरचे नट जोडीने कसून आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

आवाज, वास, धूर

ब्रेक लावताना बारीक किंचाळी, तर पॅड संपत आलेत, या आठवड्यात बदला. खरखर किंवा दळल्यासारखा आवाज, तर पॅड संपून धातू डिस्कवर घासतोय, गाडी चालवू नका. वळताना पुढून कटकट, तर ॲक्सलचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर, तर चाकाचं बेअरिंग.

निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, दाट पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट इंजिनात शिरतंय. थंड सकाळी निघणारी पातळ पांढरी वाफ मात्र साध्या पाण्याची असते. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद करून सगळे बाहेर पडा. एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी पाहून पुष्कळजण घाबरून फोन करतात. ते पडायलाच हवं.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर

पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि स्टार्टर फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो. चुकून दुसरं इंधन भरलं गेलं तरी हेच लागू: चावीसुद्धा 'ऑन' करू नका, कारण तेवढ्याने इंधनाचा पंप चालू होऊ शकतो. वाहत्या पाण्यात तर गाडी घालूच नका. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवायला पुरतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"आवाज येतोय" एवढ्यावरून कुणालाच काही सापडत नाही, आणि गॅरेजच्या दारात तो आवाज नेमका येत नाही. म्हणून घडलं त्याच दिवशी लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती होता, सरळ जाताना, वळताना की ब्रेक लावताना, एसी चालू होता का, कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता आणि तो लुकलुकत होता का. सोबत कुणी असेल तर त्यांना मोबाइलवर आवाज आणि डॅशबोर्ड टिपायला सांगा. भाग बदलायचं ठरलं तर जुना भाग परत मागा आणि तो कुठे झिजलाय हे दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. आवाज जिथे येतो तशाच रस्त्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा, आणि त्या वेळी गाडी तुम्ही चालवा, कारण तो आवाज कधी येतो हे तुम्हालाच माहीत असतं.